इंजिनिअर आमदार : मनोहर पर्रीकरांच्या कारकिर्दीकडे बघताना



गेल्या वेळचं व्याख्यान संपल्यावर एक मुलगा मला जिन्यात भेटला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "सर, तुम्ही लोकशाहीबद्दल तासभर बोललात, पण उपाय साधा आहे. शिपायाच्या नोकरीलासुद्धा शिक्षणाची अट असते, आमदाराला काहीच नाही. सगळे आमदार इंजिनिअर असते तर..." मी विचारलं, "तर काय झालं असतं?" तो म्हणाला, "तर प्रत्येक राज्यात एक पर्रीकर झाला असता."

मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. या वयात उत्तरं उशिरा सुचतात, हा एक भाग. दुसरा भाग असा की, २०१२ साली मी स्वतः हेच म्हणत होतो, आणि चारचौघांत म्हणत होतो. त्यामुळे आजचं हे बोलणं त्या मुलाला जेवढं आहे तेवढंच मलाही आहे. पर्रीकर कोणत्या पक्षाचे होते, तो पक्ष तुम्हाला आवडतो की नाही, हे थोडा वेळ बाजूला ठेवू. एका इंजिनिअर लोकप्रतिनिधीची कारकीर्द तपासायची आहे, एवढंच.

सुरुवात जरा आडून करतो. आपण 'इंजिनिअर नेता' म्हणतो ते नेमकं कोणाला? आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचे आमदार छगन भुजबळ मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. किती जणांच्या हे लक्षात असतं? त्यांना कोणी 'इंजिनिअर नेता' म्हणत नाही. ओबीसींचे नेते म्हणतात, मुंबईचे माजी महापौर म्हणतात, आणखीही बरंच काही म्हणतात. इस्लामपूरचे जयंत पाटील त्याच व्हीजेटीआयचे सिव्हिल इंजिनिअर, पण त्यांच्याबद्दल बोलताना आपण आधी राजारामबापूंचे चिरंजीव म्हणतो. पृथ्वीराज चव्हाण पिलानीला शिकले, पुढे बर्कलेला गेले, त्यांना मात्र आपण 'उच्चशिक्षित' म्हणतो. आणि पर्रीकरांच्या नावाआधी 'आयआयटीयन' लागतंच लागतं. इंजिनिअरिंग ही चौघांच्याही शिक्षणाची गोष्ट आहे, पण बिरुद सगळ्यांना सारखं चिकटत नाही. ते कोणाला चिकटावं हे आपण ठरवतो. माझ्यासारखा पांढरपेशा माणूस ज्याच्यात स्वतःला बघू शकतो, त्याची पदवी त्याला आठवते. ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवू.

आता कारकीर्द. मनोहर पर्रीकर म्हापशाचे, जन्म १९५५ चा. १९७८ साली आयआयटी मुंबईतून मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्राची पदवी घेतली. म्हापशाला परत येऊन स्वतःचा व्यवसाय आणि संघाचं काम. १९९४ साली पणजीतून पहिल्यांदा आमदार झाले. तेव्हा गोव्याच्या ४० जणांच्या विधानसभेत भाजपचे फक्त चार आमदार होते. ऑक्टोबर २००० मध्ये मुख्यमंत्री. २००५ मध्ये सरकार गेलं, पुढची सात वर्षं विरोधी बाकावर. २०१२ साली स्वतःच्या पक्षाच्या २१ जागा आणून पुन्हा मुख्यमंत्री. २०१४ च्या नोव्हेंबरात देशाचे संरक्षणमंत्री, मार्च २०१७ मध्ये परत गोव्यात, आणि १७ मार्च २०१९ ला मुख्यमंत्रिपदावर असतानाच निधन.

या सगळ्यात इंजिनिअर कुठे दिसतो? दिसतो, आणि चांगला दिसतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आणायचा ठरला तेव्हा पणजीत त्यासाठी जागाच नव्हती. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत दुरुस्त झाली, शेजारी नवी चित्रपटगृहं उभी राहिली, ठरल्या तारखेला पडदा उघडला. तारीख ठरलेली, काम ठरलेलं, पैसा किती ते माहीत. अशा कामात हा माणूस रात्री साइटवर उभा राहायचा. २०१२ च्या अर्थसंकल्पात त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ पुसून टाकला, ०.१ टक्क्यावर आणला. पेट्रोल एकदम अकरा रुपयांच्या आसपास स्वस्त झालं. इथे नाशिकमध्ये आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर आठवडाभर तोच विषय होता. मी म्हणालो होतो, बघा, हिशेब येणारा माणूस बसला की काय होतं ते! पुढे तो कर टप्प्याटप्प्याने परत वाढवावा लागला, त्याची चर्चा मात्र आमच्या कट्ट्यावर झाली नाही.

पण माझ्या मते इंजिनिअर पर्रीकर सगळ्यात जास्त कामी आले ते सत्तेत नसताना. विरोधी पक्षात असताना ते विधानसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. लोकलेखा समिती म्हणजे सरकारने खर्च केलेला आणि न मिळवलेला पैसा तपासणारी आमदारांची समिती. त्यांच्या समितीने २०११ साली गोव्यातल्या बेकायदा खाणकामाचा अहवाल तयार केला. परवानगी किती टनांची, निर्यात किती टनांची, स्वामित्वधन किती आलं, हे आकडे एकमेकांशेजारी मांडायचे आणि फरक विचारायचा. हे आमदाराचं काम आहे, आणि ज्याला आकड्याची भीती वाटत नाही असा माणूस ते जास्त चांगलं करतो. आपण आमदाराकडे गटार आणि कमान मागतो, त्यामुळे हे काम आपल्याला दिसत नाही. त्या मुलाच्या म्हणण्यात जे खरं आहे ते एवढं आहे, आणि ते थोडं नाही.

आता दुसरी बाजू. प्लेटोचा 'प्रोटॅगोरस' नावाचा संवाद आहे. त्यात सॉक्रेटिस एक निरीक्षण सांगतो. अथेन्सच्या सभेत इमारत बांधायचा विषय निघाला की लोक गवंड्याचं ऐकतात, जहाजाचा निघाला की जहाज बांधणाऱ्याचं. दुसरा कोणी मध्ये बोलला तर त्याला हसतात, खाली बसवतात. पण नगरीचा कारभार कसा असावा हा विषय निघाला की सुतार उठतो, लोहार उठतो, चांभार उठतो, श्रीमंत उठतो, गरीब उठतो, आणि तू हे कुठे शिकलास असं त्याला कोणी विचारत नाही. सॉक्रेटिसला यातून शंका काढायची आहे. प्रोटॅगोरस उत्तरादाखल एक कथा सांगतो. कौशल्यं देवाने वाटली ती कोणाला वैद्यकी, कोणाला आणखी काही, अशी. पण लाज आणि न्यायबुद्धी या दोन गोष्टी सगळ्यांना वाटल्या, कारण त्या थोड्याच लोकांत असतील तर नगरी टिकणारच नाही. आयुष्यभर मी वर्गात सॉक्रेटिसच्या बाजूने बोललो. म्हातारपणी मला प्रोटॅगोरस जास्त पटायला लागलाय.

का, ते गोव्यातल्याच उदाहरणाने सांगतो. गोव्यात १९९० पासून सरकारी अनुदान कोकणी आणि मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना मिळे. २०११ साली काँग्रेस सरकारने ते इंग्रजी माध्यमालाही खुलं केलं. भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, पर्रीकर त्या आंदोलनासोबत होते. २०१२ साली ते निवडून आले. आणि ज्या चर्चच्या शाळा इंग्रजीकडे वळल्या होत्या, त्यांचं अनुदान त्यांनी चालूच ठेवलं, नव्यांना मात्र दिलं नाही.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर ही तडजोड नीटनेटकी आहे. आहे ते मोडायचं नाही, वाढू द्यायचं नाही. पण प्रश्न अनुदानाच्या रकमेचा नव्हताच. मराठी-कोकणी शाळेतल्या शिक्षकाच्या दृष्टीने तो भाषा जगण्याचा प्रश्न होता. सालसेतमधल्या ख्रिस्ती आईच्या दृष्टीने तो मुलीच्या नोकरीचा आणि आपल्या समाजाला मिळणाऱ्या मानाचा प्रश्न होता. दोघंही खरं बोलत होते. इथे कुठलंच सूत्र लागू पडत नाही. इथे दोघांसमोर बसून सांगावं लागतं की मी आधी हे म्हणालो होतो, आता हे करतोय, का करतोय ते ऐका. ते झालं नाही. संघातलेच त्यांचे जुने सहकारी सुभाष वेलिंगकर उघड विरोधात गेले, २०१६ मध्ये संघाने त्यांना पदावरून दूर केलं, त्यांनी वेगळा पक्ष काढला. २०१७ च्या निवडणुकीत भाजप २१ वरून १३ वर आला. एवढ्या एका कारणाने आला असं मी म्हणणार नाही, पण हे कारण त्यात होतं.

कॅसिनोचंही तसंच. विरोधात असताना मांडवीतले कॅसिनो हटवा, सत्तेत आल्यावर महसूल आणि रोजगाराचा हिशेब. खाणींचं तर जास्तच अवघड. शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने खाणकाम थांबवलं. आकड्यांवर उभा राहिलेला माणूस शब्दाला जागला, असं तेव्हा वाटलं. पण खाणपट्ट्यांच्या नूतनीकरणाचं धोरण २०१४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत ठरलं, बहुतेक नूतनीकरणं पुढच्या सरकारने घाईने उरकली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ८८ नूतनीकरणं रद्द केली. ज्याने चोरी टनांत मोजून दाखवली, त्याच्या हाती कारभार आल्यावर 'हे खनिज कोणाचं आहे' हा प्रश्न पुन्हा बाजूलाच राहिला. तो प्रश्न मोजून सुटत नाही, ठरवावा लागतो.

इथे कोणी म्हणेल, "सर, हे तर सगळेच राजकारणी करतात." अगदी बरोबर, माझं म्हणणं तेच आहे. २००० साली फ्रान्सिस्को सार्दिन यांचं सरकार पाडून ते मुख्यमंत्री झाले. २००५ साली आमदारांच्या राजीनाम्यांमुळे त्यांचं स्वतःचं सरकार गेलं. २०१७ ला काँग्रेसच्या १७ आणि यांच्या १३ जागा असताना छोटे पक्ष आणि अपक्ष रातोरात जोडून त्यांनी बहुमत केलं, सभागृहात २२ विरुद्ध १६ मतांनी ते सिद्धही केलं. हे गणित आयआयटीत शिकवत नाहीत. दुसरा कोणी हे करतो तेव्हा आपण त्याला घोडेबाजार म्हणतो, पर्रीकरांनी केलं तेव्हा त्यांची हुशारी म्हणालो. सुरुवातीला म्हणालो ते बिरुद इथे कामाला येतं. नेत्यावरच्या पदवीच्या शिक्क्याने आपल्यातला टीकाकार झोपी जातो. हा दोष पर्रीकरांचा नाही, माझा आहे.

त्यांच्या शेवटच्या वर्षाबद्दल मला आदराने बोलायचं आहे, आणि तरीही बोलायचं आहे. नाकात नळी घालून डिसेंबर २०१८ मध्ये ते मांडवीवरच्या नव्या पुलाची पाहणी करायला गेले. जानेवारीत त्याच अवस्थेत अर्थसंकल्प मांडला. अनेकांचे डोळे भरून आले, माझेही आले. पण इंजिनिअरच्याच भाषेत विचारा: ज्या यंत्रातला एक भाग काढला की सगळं यंत्र थांबतं, त्या यंत्राची रचना चांगली म्हणायची का? वर्षभर राज्याचा कारभार एका आजारी माणसाच्या खाटेभोवती फिरत राहिला. त्याला मोकळं करण्याची सोय पक्षात नव्हती, आघाडीत नव्हती. त्यांनी पूल बांधले. आपल्याशिवाय चालेल असं राजकारण त्यांना बांधता आलं नाही, किंवा बांधायची गरज वाटली नाही. कर्तबगार माणसाचा हा नेहमीचा दोष असतो.

आता गोव्यातून घरी येऊ. नाशिककरांना पाण्याचं उदाहरण दिल्याशिवाय माझं बोलणं पुरं होत नाही. गोदावरी आपल्याकडे उगम पावते, जायकवाडी खाली पैठणला. दुष्काळी वर्षी गंगापूर, दारणेतून पाणी सोडायचं म्हटलं की आपल्याकडे मोर्चे निघतात आणि तिकडे मराठवाड्यात पाणी सोडलं नाही म्हणून मोर्चे निघतात. २०१३ साली मेंढेगिरी समितीचा अहवाल आला. जायकवाडीतला साठा अमुक टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या कोणत्या धरणांनी किती सोडायचं, याची कोष्टकं तिने केली. ६५ टक्के हा आकडा तेव्हापासून शेतकऱ्यांच्याही तोंडी आहे. हे काम जलअभियंत्यांचंच, मला जन्मात जमलं नसतं. पण कोष्टक कशासाठी करायचं, ते कुठून आलं? ते आलं २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातून. खोऱ्याच्या शेपटाला राहणाऱ्या माणसाचाही पाण्यावर न्याय्य हक्क आहे, टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची, हे तत्त्व विधिमंडळाने ठरवलं. त्या सभागृहात शेतकरी होते, वकील होते, शिक्षक होते, कमी शिकलेलेही होते. ६५ चा आकडा उद्या बदलेलही, त्यावर तज्ज्ञ भांडोत. पण 'शेपटाचाही हक्क' हे वाक्य कोणत्याही प्रयोगशाळेतून येत नाही. ते प्रोटॅगोरसच्या दुसऱ्या वाटपातून येतं, जे सगळ्यांना मिळालं त्यातून.

याच नाशकात १८८४ साली एक तरुण सहायक अभियंता मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला होता. विश्वेश्वरय्या. त्यांच्या थोरवीबद्दल मी काय बोलणार! पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९१२ ते १९१८. धरण, कारखाने, बँक, विद्यापीठ, काय केलं नाही? आणि ते दिवाणपदावरून गेले कशामुळे? धरण फुटलं म्हणून नाही. ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्याचा प्रश्न आला, महाराजांनी मिलर समिती नेमली, आणि विश्वेश्वरय्यांना हे गुणवत्तेच्या विरोधात वाटलं. इतक्या मोठ्या बुद्धीला एक साधी गोष्ट दिसली नाही, की ज्याला खोलीत येऊच दिलेलं नाही त्याची गुणवत्ता तुम्ही मोजणार कशी? कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०२ सालीच पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्यासाठी त्यांना धरणाचं गणित यावं लागलं नव्हतं. तरी राधानगरीचं धरण त्यांनीच बांधायला घेतलं, अभियंत्यांना हाताशी धरून. क्रम बघा.

आता त्या मुलाची अट. ती नवी नाही. संविधान पूर्ण झालं तेव्हा खुद्द राजेंद्रप्रसादांनी खंत व्यक्त केली होती की, कायदे करणाऱ्यांसाठी आपण शिक्षणाची पात्रता ठेवली नाही. आजही आमदार व्हायला नागरिकत्व आणि वयाची २५ वर्षं लागतात, पदवी लागत नाही. हरियाणाने मात्र २०१५ साली पंचायत निवडणुकीला अट घातली. खुल्या वर्गातल्या पुरुषाला दहावी, बाईला आठवी, पंचपदासाठी दलित बाईला पाचवी. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. निकालातला एक विचार असा होता की, चूक-बरोबर ओळखण्याचं सामर्थ्य शिक्षणानेच येतं. मी पन्नास वर्षं शिक्षण क्षेत्रात काढली आहेत, तेव्हा जबाबदारीने सांगतो, हे खरं नाही. मी चूक-बरोबर न कळणारे पीएच.डी. पाहिलेत. काहींच्या प्रबंधावर माझी सही आहे.

आणि या अटीने बाहेर कोण गेलं? ज्यांना शाळेत जाऊ दिलं गेलं नाही ते. म्हणजे व्यवस्थेने आधी शाळा नाकारायची आणि मग शाळा नाही म्हणून खुर्ची नाकारायची.

पूर्वी आमच्या भागात एक नगरसेविका होत्या. शिक्षण चौथी. मी त्यांच्या भाषणाला हसलेलो माणूस आहे. एकदा पाणी येत नाही म्हणून मी चार पानी निवेदन घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते वाचलं नाही. म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे कमी दाबाने येतंय, मागच्या वस्तीत येतच नाही. पहाटे तीनला बाया नळाशी बसतात. आधी त्यांचं करते, मग तुमचं. चालेल ना?" मी 'चालेल' म्हणालो, कारण दुसरं काही म्हणायची लाज वाटली. व्हॉल्व्ह कुठला फिरवायचा ते पालिकेच्या अभियंत्याने सांगितलं. कोणासाठी आधी फिरवायचा ते बाईंनी ठरवलं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला दोन्हीतलं काही सुचलं नव्हतं.

तेव्हा त्या जिन्यातल्या मित्राला, तू ऐकत असशील तर, माझं उत्तर असं. तू इंजिनिअर हो, आणि जमलं तर आमदारही हो. लोकलेखा समितीत बस, टन आणि रुपये शेजारी मांडून सरकारला घाम फोड. पर्रीकरांकडून तेवढं नक्की घे. पण निवडणुकीला उभा राहशील त्या दिवशी पदवी पुढे करू नकोस. मागच्या वस्तीत पहाटे तीनला जा आणि तिथे आधी कोणाला पाणी हवंय ते विचार. आणि तू निवडून आलास, तर आमच्यासारख्यांनी तुझी पदवी बघून गप्प बसू नये, एवढी काळजी आम्ही घेतली पाहिजे. ती आम्ही पर्रीकरांच्या वेळी घेतली नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. जरा मोठ्याने विचारा, डाव्या कानाने कमी ऐकू येतं.